पांढऱ्या पत्र्यावर हळदीचं बोट

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बिचारीच्या हातून चुकून झालं. चुकून काही झालेलं नाही. आई म्हणते, लहानपणी मला कुणी चिमटा काढला तर मी रडायची नाही, नुसती बघून ठेवायची, आणि चार दिवसांनी त्या पोराच्या दप्तरात खाजकुयली निघायची. खाजकुयली मी एकदाच टाकली होती, पण आईचं बाकीचं म्हणणं खरं आहे.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावातून शिकून बाहेर पडले आणि परभणी जिल्ह्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले, तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात असेपर्यंत मॅडम आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की कुणी नाही. दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, समोर तीच माणसं आणि प्रश्नही तेच. तुमचं शिक्षण किती? गेल्या वर्षी होतं त्यापेक्षा कमी झालेलं नाही, असं मी एकदा म्हणाले होते. कुणी हसलं नाही.

या कॉलेजातल्या पोरांनी एक उपग्रह बनवला. आकाराने भाकरीच्या डब्याएवढा. लोकांना उपग्रह म्हटलं की केवढं तरी धूड डोळ्यांसमोर येतं, पण असे छोटे ठोकळे आता बरीच कॉलेजं बनवतात. मोठ्या उपग्रहाबरोबर रॉकेटमध्ये कोपऱ्यात जागा मिळाली की हे वर जातात, काही महिने फिरतात आणि नवीन एखादी गोष्ट तिथे टिकते का ते आपल्याला कळवतात. आमच्या ठोकळ्यात तीन गोष्टी तपासायच्या होत्या. बाजारात मिळणारी एक साधी चिप, पोरांनी जुळवलेली एक बॅटरी, आणि एक पांढरा रंग.

रंग माझा होता. हे वाक्य मी त्या काळात एकदाही मोठ्याने बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. रंग माझा होता. वर उन्हात गेलं की उपग्रह भाजून निघतो आणि सावलीत गेलं की गोठतो, म्हणून त्याला पांढरा रंग लावतात. पण साधा पांढरा रंग तिथल्या उन्हात पिवळा पडत जातो, आणि जितका पिवळा पडेल तितका जास्त तापतो. न पिवळणारा रंग बाहेरून मागवावा लागतो आणि तो आमच्यासारख्यांना परवडत नाही. मी तीन वर्षं प्रयोगशाळेत भुकट्या वाटल्या, गाळल्या, काचेसारख्या चिकट पाण्यात कालवल्या, पत्र्यावर फासल्या, भट्टीत वाळवल्या. कितीतरी पत्रे तडकले. शेवटी एक मिश्रण बसलं. उपग्रहाच्या एका अंगाला दोन चौकोनी पत्रे लावायचं ठरलं, एकावर मागवलेला रंग, दुसऱ्यावर आमचा. दोन्हीच्या मागे एकेक तापमापक. दोघांत कोण कमी तापतो, एवढंच बघायचं होतं.

तापमापकांचं काम एका मुलीकडे होतं. ती पाथरीकडची. वडील जीप चालवायचे. हॉस्टेलवर राहायची आणि दुसऱ्या वर्षापासून माझ्या मागे मागे असायची. मी कालवायची, ती मोजायची. एखादा आकडा खटकला की पेन कानावर अडकवून म्हणायची, "मॅडम, हे बरोबर वाटंना. पुन्यांदा करू." मग आम्ही पुन्हा करायचो. तिच्याइतकं चिवट पोर मी पाहिलेलं नाही.

आता विभागप्रमुखांबद्दल. आम्ही त्यांना सर म्हणायचो, तेच इथेही म्हणते. सर वाईट बोलायचे नाहीत. आवाज कधी चढला नाही. कुणाचं काही काढून घ्यायचं असलं की आधी चहा मागवायचे. मला त्यांनी चहा मागवला तेव्हाच मी समजायला हवं होतं.

उपग्रहाच्या आत एका बारक्या पट्टीवर तो बनवणाऱ्यांची नावं कोरायची होती. कुणी वाचणार नाही, वर जाऊन शेवटी जळून जाणार, पण पोरांनी त्या पट्टीसाठी जीव टाकला होता. यादीत माझं नाव पोरांनीच घातलं होतं. सर म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव घालायला माझी ना नाही. पण तुम्ही तासिका तत्त्वावर. उद्या इथे असाल, नसाल. मग कुणी विचारलं, या कोण, तर मी काय सांगू?" मी म्हणाले, ज्यांनी रंग केला त्या, असं सांगा. ते हसले. "रंग विभागाने केलाय मॅडम. घ्या ना, चहा गार होतोय."

माझं नाव निघालं. तिथे जागा मोकळी राहू नये म्हणून सरांच्या मुलीचं नाव आलं. ती तेव्हा पुण्यात अकरावीला होती. मला हे पाथरीच्या मुलीने सांगितलं, आणि सांगताना तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हणाले, जाऊ दे गं, नावात काय ठेवलंय. माझ्या मनात मात्र सगळं ठेवलं गेलं होतं. रात्रंदिवस एकच, याचा वचपा काढायचा. कसा ते माहीत नव्हतं.

तो मला त्यांनीच हातात आणून दिला.

उपग्रह दक्षिणेत, रॉकेट सुटतं तिथे, पोचवायच्या आदल्या दिवशी सरांनी पूजा ठेवली. आमच्याकडे नवीन मोटारसायकल आली, बोअरला पाणी लागलं, गिरणी बसवली, की हळदकुंकू वाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. उपग्रहाला तरी कोण सोडणार! काचेच्या ज्या खोलीत आम्ही डोक्याला टोप्या आणि हाताला मोजे घालून तीन वर्षं वावरलो, केसही पडू दिला नाही, तिथे संस्थेचे पदाधिकारी चपला बाहेर काढून बिनदिक्कत शिरले. अगरबत्ती तरी लावू नका म्हणून पोरांनी हातापाया पडून थांबवलं. नारळ पायरीवर फुटला. ओवाळायला स्टाफमधल्या बायका उभ्या केल्या. मीही रांगेत होते. सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्यात हे करत नाहीत ना? मग तुम्ही जरा बाजूला थांबा."

आमच्यात करत नाहीत हे खरं आहे. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही. मला ताट हातात घ्यायची हौसही नव्हती. पण मला रांगेतून काढताना त्यांनी इकडे तिकडे बघितलं, आणि रांगेतल्या बायकांनी आपापले पदर सारखे केले, ते मला दिसलं. मी बाजूला झाले. मी तिथे पूजेसाठी उभी नव्हतीच. माझ्या पत्र्याला कुणी हात लावू नये म्हणून उभी होते. आणि बाजूला होऊन भिंतीला टेकते न टेकते तोच सरांनी अनामिका ओल्या हळदीत बुडवली, फोटोवाल्याकडे बघून हसले आणि बोट नेमकं माझ्या पांढऱ्या पत्र्यावर टेकवलं. त्यावर कुंकू.

माझ्या तोंडून आवाज निघणार होता. पण बाजूला थांबा म्हणाले होते ना, मग थांबले.

सगळे पेढे खायला बाहेर गेल्यावर सरांनी मला बोलावलं. "मॅडम, तेवढं पुसून घ्या. आणि सफाईच्या कागदावर तुमची सही लागेल." पट्टीवर नाव चालत नव्हतं, पण पुसायला आणि सहीला मी चालत होते. मी मोजे चढवले. कुंकू कोरड्या फडक्याने निघालं. हळद निघाली नाही, कारण माझा रंग खरखरीत होता, त्यात ती मुरली होती. आता काय करायला हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. कपाटात तसाच रंगवलेला दुसरा पत्रा ठेवलेला होता. चार स्क्रू काढायचे, तारा सोडवायच्या, जोडायच्या. संध्याकाळपर्यंत झालं असतं.

मी स्पिरिटची बाटली घेतली. हळद स्पिरिटमध्ये विरघळते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, विज्ञानाच्या तासाला आपण सगळ्यांनीच ते पिवळे कागद केलेले असतात. एका बोटाचा डाग मी त्या पूर्ण पत्र्यावर पसरवला. अगदी सावकाश, कडेपर्यंत. पाच मिनिटांनी तिथे डाग नव्हता. पत्रा फक्त पांढऱ्याचा किंचित सायीच्या रंगाचा झाला होता, शेजारचा पत्रा झाकला तर कळूही नये इतका. मग मी कागदावर सही केली. पृष्ठभाग स्वच्छ आहे, असं त्यावर छापलेलं होतं.

पाथरीची मुलगी पूजा सुरू व्हायच्या आधीच उपग्रहाच्या डब्यात भरायचा फोम आणायला स्टेशन रोडला गेली होती. परत आल्यावर म्हणाली, "झालं का मॅडम समदं? मी पुन्यांदा बघू का एकदा?" मी म्हणाले, झालं, बघायची गरज नाही. ती लगेच डबा भरायला बसली.

मला काय वाटलं, ते सांगते. गार वाटलं. कडक उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. पिवळा पत्रा तापणार, आकडे वाईट येणार, सरांचा तो विभागाने केलेला रंग सगळ्यांसमोर तोंडावर आपटणार, आणि तेव्हा ते कुणाला सांगणार की रंग मॅडमचा होता! सांगूच शकणार नव्हते. त्यांनी स्वतःच ती वाट बंद केली होती. उपग्रह तपासताना तिकडे कुणीतरी त्या सायीच्या रंगाबद्दल विचारलं होतं, असं मुलीने नंतर सांगितलं. सर म्हणाले होते, आमच्या रंगाची मूळ छटाच तशी आहे.

उपग्रह वर गेला. सकाळी कॉलेजवरून जायचा तेव्हा गच्चीवर पोरांची झुंबड उडायची. अँटेना फिरवणारा एक, वहीत लिहिणारा एक, आणि बाकीचे नुसते आकाशाकडे बघणारे. काही दिसत नसतं, तरी बघायचे. पहिले आकडे आले. आमचा पत्रा शेजारच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी जास्त तापत होता. मुलीने तोंड एवढंसं केलं. सर खाली मान घालून जिना उतरले. मी त्या दिवशी घरी जाताना गुलाबजाम घेऊन गेले, आणि आईने विचारलं कशाचे, तर म्हणाले, उपग्रहाचे.

पण पुढे भलतंच झालं. पंधरा दिवसांनी तो फरक कमी झाला. महिन्याने आणखी कमी. एरवी उन्हात रंग पिवळे पडत जातात आणि तापत जातात, आमचा पत्रा मात्र उलट गार होत चालला होता. दोन महिन्यांत तो मागवलेल्या रंगाच्या बरोबरीला आला. सरांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. स्वतःला सुधारणारा रंग, असं त्यांनी त्याला नाव दिलं. उन्हात राहून खराब न होता चांगला होणारा रंग! वर्तमानपत्रात फोटो आला. बसस्टँडजवळ फ्लेक्स लागला. गंगाखेडला सत्कार झाला, पाथरीला झाला, शाली आणि फेटे तर किती जमले कुणास ठाऊक. मी मुद्दाम टाकलेला खडा त्यांच्या पदरात मोती होऊन पडला होता. रागाने मला जेवण जायचं नाही. त्या दिवसांत मी वर्गात पोरांवर विनाकारण खेकसायची.

असं का झालं ते मला कळेना, आणि कळलं ते घरी. चुलतभावाच्या लग्नाहून आई आली होती. आमच्या लग्नात पांढरे कपडे, पण हळद आहेच, ती काही कुणी सोडलेली नाही. आईच्या पांढऱ्या लुगड्यावर कुणीतरी हळदीचे हात पुसले होते. मी साबण घेऊन बसले तशी ती ओरडली, "साबण लावू नकू! लाल व्हती. नुसतं पाण्यातून काढ आन् उनात टाक. हळद उनानंच जाती." मी लुगडं तारेवर टाकलं. संध्याकाळी डाग अर्धा झाला होता. दुसऱ्या दिवशी शोधावा लागत होता. मी तारेखाली उभी राहून एकटीच हसत होते. आई म्हणाली, "काय झालं गं? येडी झालीस का?"

रंग सुधारत नव्हता. हळद उडत होती. वरच्या उन्हात सरांचं बोट हळूहळू विटत होतं, आणि त्यावर सर शाली घेत होते.

त्या क्षणापासून मी पुन्हा माणसात आले. जेवायला लागले, वर्गात हसायला लागले. कपाटातला तो जादा पत्रा घरी आणला. त्यावर हळद लावली, स्पिरिटने पसरवली, अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवला आणि पत्रा आमच्या गच्चीवर ठेवून दिला. एप्रिल होता. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हाबद्दल परभणीकरांना सांगायला नको. आठवड्याभराने कागद काढला तर अर्धा पत्रा पिवळसर आणि अर्धा पांढराशुभ्र. फोटो शोधावाही लागला नाही. सरांनीच तो पूजेच्या दिवशी विभागातल्या स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता, बोट पत्र्यावर, नजर कॅमेऱ्याकडे, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग.

मी तेव्हाच जाऊन सरांना सांगू शकले असते. मुलीला तर सांगायलाच हवं होतं, कारण त्या आकड्यांवर तिने लिहिलेला शोधनिबंध छापायला गेला होता आणि त्या निबंधाच्या जोरावर तिला बाहेरच्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी बोलावणं आलं होतं. मला हे माहीत होतं. तिने मला स्वतः येऊन सांगितलं होतं, पेढा माझ्या तोंडात कोंबून. पण एकट्यात सांगितलं तर सर चहा मागवतील, आणि चहा संपेपर्यंत प्रकरण मिटलेलं असेल. मला ते मिटवायचं नव्हतं. मला भरल्या सभेत हवं होतं.

भरली सभा मे महिन्यात मिळाली. कॉलेजात परिसंवाद ठेवला होता. बाहेरून तज्ज्ञ आले होते, त्यांच्यात उपग्रहांच्या कामात आयुष्य काढलेले एक वयस्कर शास्त्रज्ञ होते. कूलर घोंघावत होते. सर पहिल्या रांगेत बसले होते. मुलीने निबंध वाचला. साडी नेसली होती आणि ती सावरत बोलत होती, पण आकड्यांवर आली की साडी विसरायची. शेवटी तो आलेख दाखवला, वरून खाली येणारी रेघ. टाळ्या पडल्या.

मी हात वर केला. सर मागे वळून म्हणाले, "मॅडम, आपण चहाच्या वेळेला बोलू." वयस्कर शास्त्रज्ञ म्हणाले, "विचारू द्या की."

मी मुलीलाच विचारलं, "या पत्र्यावर उड्डाणाआधी काही लागलं होतं का?"

ती हसली. अगदी मोकळी हसली, मी तिला मदत करायला सोपा प्रश्न टाकलाय असं समजून. "न्हाई मॅडम. सफाई तुमीच केली होती. तुमच्या सहीचा कागद जोडलाय मी निबंधाला. तुमी बघितलंय म्हणल्यावर मी पुन्यांदा बघितलं न्हाई."

इथे थांबता आलं असतं. ठीक आहे, बस, असं म्हणून खाली बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण सर मान डोलावत होते. माझ्या सहीवर मान डोलावत होते. मी पुढे गेले, फोटो मोठ्या पडद्यावर लावला आणि पिशवीतून पत्रा काढून त्या शास्त्रज्ञांच्या हातात दिला. अर्धा पिवळा, अर्धा पांढरा. काय केलं, किती दिवस उन्हात ठेवलं, ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पत्रा जवळून बघितला, मग पडद्यावरच्या बोटाकडे बघितलं, आणि त्यांना हसू आवरेना. मग सभागृह हसलं. मागच्या बाकांवरची पोरं तर बाक वाजवायला लागली. कुणीतरी ओरडलं, "हळद लागली!" सर उठले, बसले, पुन्हा उठले. कपाळावर घाम, खिशात रुमाल सापडेना. तो चेहरा मी डोळे भरून बघितला. खोटं कशाला बोलू, इतकं समाधान मला आयुष्यात दुसऱ्या कशाने मिळालेलं नाही.

"पुसायचं काम मॅडमकडे होतं," सर शेवटी म्हणाले.

"हो," मी म्हणाले, "आणि तुम्ही मला बाजूला थांबायला सांगितलं होतं."

हसू थांबलं. शास्त्रज्ञ पत्रा उलटसुलट करत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रंग कुणी केला हा?" मी म्हणाले, मी. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं होतं आणि पहिल्यांदा मी मोठ्याने सांगितलं होतं. ते म्हणाले, "चांगला असावा. हळद उडाल्यावर परदेशी रंगाच्या बरोबरीला आला म्हणजे बराच चांगला असावा. पण आता सांगणार कसं? त्यातलं हळदीचं किती आणि रंगाचं किती, ते वेगळं काढता येत नाही. आणि तुमच्या उपग्रहाचे दिवस तर भरत आले." त्यांनी पत्रा मला परत दिला. सरांना आपटताना त्यांच्याखाली माझाच रंग होता, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

मुलगी अजून मंचावर उभी होती. हातात माइक होता पण तिने तो बाजूला धरला होता. तिने विचारलं, "मॅडम, तुमाला तवाच माहीत व्हतं?"

मी पत्रा पिशवीत घालायला लागले. तिला तेवढं पुरलं. ती खाली उतरली आणि बाजूच्या दाराने निघून गेली.

सरांना पद सोडावं लागलं. चौकशी बिवकशी झाली नाही, त्यांनी तब्येतीचं कारण दिलं. फ्लेक्स आपोआप उतरला. मला जूनमध्ये मुलाखतीला बोलावणं आलं नाही, पण मी अर्जही केला नव्हता. सरांची मला अजून कीव येत नाही. रस्त्यात दिसले की मान वर करून जाते, आणि ते बाजू बदलतात, ते मला बरं वाटतं. पुढेही वाटेल.

मुलगी आठवड्याने माझ्या घरी आली. आईने पाणी दिलं, ती प्याली, चहा नको म्हणाली. बाहेरच्या त्या ठिकाणी तिने स्वतःच कळवून टाकलं होतं की आकडे धरू नयेत. बोलावणं रद्द झालं होतं. ते तिने मला एका वाक्यात सांगितलं, गाडी चुकली असं सांगावं तसं. मग पिशवीतून एक कागद काढला. निबंध छापणाऱ्यांना दुरुस्तीचं पत्र पाठवायचं होतं. म्हणाली, "तुमी एकदा वाचून घ्या. काई चुकीचं लिहिलं असलं तर सांगा."

पत्र छोटं होतं. हळद कशी लागली ते होतं, कुणी लावली ते होतं, सरांचं पूर्ण नाव होतं. त्याखाली लिहिलं होतं की हा डाग त्याच दिवशी माझ्या लक्षात आला होता, बदलायला दुसरा पत्रा उपलब्ध होता, आणि तरी मी पृष्ठभाग स्वच्छ असल्याची सही केली. माझं नाव तिने पूर्ण लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट, पुढे पदवी. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

मी विचारलं, "हे वाक्य काढता येणार नाही का?"

"खोटं हाय का?"

"नाही."

"मग न्हाई काढणार," ती म्हणाली आणि पेन पुढे केलं.

मी सही केली. तिने कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला, आईला येते म्हणाली, मला काही म्हणाली नाही. पाथरीची बस गाठायची होती. दोन महिन्यांनी ते पत्र छापून आलं. त्या उपग्रहाबद्दल छापलेल्या सगळ्या कागदांत माझं नाव त्या एकाच ठिकाणी आहे. आईने दोनदा विचारलं, त्या पोरीने सही नेली त्या कागदात तुझं नाव छापून आलंय म्हणे, कुठे आलंय, दाखव की. मी अजून दाखवलेलं नाही.